टिंब आपल्याकडे, टाळकं पलीकडे

सासूबाईंचं बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. हल्ली कुणाचं कमी नसतं म्हणा, आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत ज्याचा रिपोर्ट नॉर्मल येतो त्याच्याकडेच लोक जरा संशयाने बघतात. डॉक्टरांनी एकाआड एक दिवस इंजेक्शनं लिहून दिली. टोचायला कोण, हा प्रश्न नव्हता कारण माझी नणंद वाशीच्या एका हॉस्पिटलात सिस्टर आहे, ड्यूटी संपली की ठाण्याची लोकल पकडायची, वाटेत ऐरोलीला उतरून आईला टोचायचं आणि पुढच्या गाडीने घरी जायचं, असं सगळं छान ठरलं.

पहिल्याच दिवशी ताई आल्या त्या डाव्या अंगठ्याला हे एवढं बँडेज लावून. वॉर्डमध्ये अँप्यूल फोडताना काच लागली म्हणे. सोफ्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "टोचते मी, उजवा हात ठीके. फोडून तेवढी तू दे."

आता मला सांगा, जिचं रोजचं काम आहे तिचा अंगठा कापलाय आणि ती मला म्हणतेय फोडून दे.

ज्यांनी हा प्रकार हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. रबरी बूच असतं, सुई आत खुपसून औषध ओढतात, ती वायल. अँप्यूलला बूच नाही, झाकण नाही, आटे नाहीत, काहीच नाही. औषध भरलं की काचेचंच तोंड ज्योतीवर वितळवून बंद करून टाकतात. म्हणजे ही वस्तू उघडायची एकच पद्धत आहे ती म्हणजे मोडायची. लहानपणापासून काचेचं काही हातात दिलं की "सांभाळून, फुटेल" एवढंच ऐकलंय आपण, आणि इथे चार माणसं गोल करून उभी आणि सगळी म्हणतायत, फोड.

त्यात आमच्या घरात सल्ल्याला तोटा नाही. नवरा "पाऊस येतोय का बघतो" म्हणून बाल्कनीत गेला तो गेलाच, डिसेंबरात. मुलाने तोपर्यंत मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून काढला ज्यात एक माणूस एका हाताने पटापट दहा-बारा अँप्यूलची टाळकी, म्हणजे मानेच्या वरचा भाग, उडवतो, मागे म्युझिक लावून. सासूबाई स्वतः म्हणाल्या की राहू दे गं, मी पालक खाईन, त्यावर ताई म्हणाल्या, पालकात बी-ट्वेल्व्ह नसतं आई. आणि बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, माळ्यावरून टूलबॉक्स काढून त्यातलं एक्सॉ ब्लेड पुढे केलं.

बाबांचं अगदीच चूक नव्हतं. पूर्वी खरंच इंजेक्शनच्या खोक्यातच एक इवलीशी कानस यायची. कंपाउंडर तिने काचेची मान एका बाजूने घासायचा आणि मग कटकन मोडायचा, हे सगळं बाबांनी गावच्या दवाखान्यात डोळ्यांनी बघितलेलं. पण ती नखाएवढी कानस होती आणि हे लोखंडी गज कापायचं ब्लेड, त्यावर मागच्या वर्षीच्या पाइपाचा गंज. ताईंनी नुसतं बघितलं. बाबांनी ब्लेड पाठीमागे लपवलं.

पहिली अँप्यूल शेवटी नवऱ्याने फोडली, बाल्कनीतून ओढून आणला म्हणून. त्याने दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले (काच फोडताना डोळे मिटणारा माणूस इंजिनिअर आहे हे नमूद करून ठेवते) आणि जोर लावला. टाळक्याचे तीन तुकडे, मानेचे अजून काही, लाल औषध टीपॉयवरच्या पेपरवर. ताई म्हणाल्या, ही गेली, दुसरी काढ. नवरा पुन्हा बाल्कनीत.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका मेंटेनन्सची पावती द्यायला आले आणि पेपरवरच्या काचा बघून दारातच थबकले. तर झालं असं की काका रिटायर व्हायच्या आधी इथेच, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका औषध कंपनीत पॅकेजिंगला होते. इतकी वर्षं त्या खात्यात काढून त्यांना आजवर कुणीही, अगदी काकूंनीसुद्धा, अँप्यूलबद्दल एक अक्षर विचारलेलं नव्हतं. त्यांनी चप्पल काढली, आत आले, चष्मा लावला आणि मला वाटतं त्या क्षणी ते पावतीचं विसरले ते कायमचं.

"टिंब कुठंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

टिंब होतं. टाळक्यावर, पांढरं, खसखशीएवढं. आम्ही सगळ्यांनी ते बघितलं होतं आणि कारखान्यात रंग उडाला असेल असं समजून सोडून दिलं होतं. तर त्या टिंबाच्या बरोबर खाली, मानेवर, काचेला एक बारीक चर पाडलेला असतो. तो इतका बारीक की दिसत नाही, म्हणून तो कुठेय हे सांगायला वर टिंब. टिंब आपल्याकडे करायचं, अंगठा टिंबावर, दुसऱ्या हाताने अंग घट्ट धरायचं आणि टाळकं मागे ढकलायचं, आपल्यापासून लांब. एवढंच. काच दाबाला भक्कम असते आणि ताणाला कच्ची. टाळकं मागे गेलं की आपल्याकडची बाजू ताणली जाते, चर उघडायला लागतो आणि तडा तिथून सुरू होऊन सरळ पलीकडे जातो. उलटी धरली की तोच चर दाबला जाऊन मिटतो, आणि मग काच तिच्या मनाला येईल तिथे फुटते. नवऱ्याने उलटी धरली होती. बाल्कनीतून "मला कोणी सांगितलं का" असा आवाज आला.

काका म्हणाले, यामागे एक ग्रिफिथ म्हणून इंग्रज इंजिनिअर आहे, 1921 सालचा त्याचा पेपर. काच कागदावरच्या हिशोबाने जेवढी मजबूत असायला हवी त्याच्या कितीतरी कमी ताकदीला का मोडते, हे त्याने शोधलं. तर तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे चरे असतात आणि सगळा ताण त्या चऱ्यांच्या टोकाशी जाऊन गोळा होतो. शांपूच्या पुडीला कडेला बारीकशी चीर दिलेली असते ना, ती असली की पुडी बोटाने फाटते आणि नसली की दाताने पण फाटत नाही, तसलंच हे. म्हणजे चर पाडतात तो काच कापायला नाही. तडा कुठून सुरू व्हायचा हे आपण ठरवायचं, काचेने नाही, यासाठी.

मला ही कल्पना फार आवडली. जराही कच्ची असून चालणार नाही अशी वस्तू, कारखान्यातून निघणार, त्याआधी आतलं औषध निर्जंतुक करायला बरेचदा ऑटोक्लेव्हच्या वाफेत शिजणार, ट्रकने घोडबंदर रोडवरचे खड्डे खाणार, मेडिकलवाल्याच्या पोऱ्याच्या स्कूटरवर उड्या मारत घरी येणार, आणि एवढं सगळं सोसून झाल्यावर एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या बाजूने, बाईमाणसाच्या अंगठ्याने मोडणार. चर थोडा जास्त खोल गेला तर वाटेतच फुटते, कमी गेला तर अंगठ्याला लागते. काका म्हणाले त्यासाठी स्टँडर्ड आहे, आयएसओ 9187, अँप्यूल दोन टेकूंवर आडवी ठेवून मशिनने दाब द्यायचा आणि ती किती जोराला मोडली ते मोजायचं. मोडायला कमीत कमी किती जोर लागला पाहिजे आणि जास्तीत जास्त किती, दोन्ही ठरलेलं.

इथे माझं काकांशी वाजलं. म्हटलं काका, मशिनच्या हाताला घाम येत नाही, मशिनच्या आजूबाजूला नातेवाईक उभे नसतात. खोक्यात जी घडीची चिठ्ठी येते तिच्यावर औषधाची रासायनिक नावं आहेत, साइड इफेक्ट आहेत, उंदरांवर काय झालं तेही आहे, मुंगीच्या अक्षरात का होईना, पण "टिंब आपल्याकडे करून मागे मोडा" एवढी एक ओळ मावली नाही? काका म्हणाले, ही घरच्या माणसांसाठी नसतेच, ट्रेन्ड माणसासाठी असते. मी ताईंच्या बँडेजकडे बोट दाखवलं. काका गप्प. ताई म्हणाल्या, नाइट ड्यूटीला एकामागून एक फोडत असतो, ब्राऊन काचेवर ते टिंब रात्री कुणाला दिसतं? काच ब्राऊन कारण या औषधाला उजेड चालत नाही, ते बरोबर आहे, पण मग टिंब तरी ठसठशीत करा ना. ताईंच्या वॉर्डात टाळक्यावर सुईचं प्लास्टिकचं टोपण बसवून मोडतात, तेवढाच बोटाला आडोसा. नाहीतर निदान मानेभोवती गॉज गुंडाळायचं. कंपनीने इतकं डोकं चालवलेलं आणि शेवटचं टोपण सिस्टरने लावायचं.

असो. मी मोडली. गॉज गुंडाळून, टिंब माझ्याकडे, अंगठा, मागे. आधी मानेच्या वर अडकलेलं औषध टिचकी मारून खाली आणायचं हे ताईंनी ऐनवेळी सांगितलं, नाहीतर टाळक्याबरोबर तेही जातं. टक् असा आवाज आला आणि टाळकं सबंध हातात. कड बघितली तर इतकी स्वच्छ की मला ती सगळ्यांना दाखवत फिरावंसं वाटलं आणि मी फिरलेही. बाल्कनीत पण जाऊन दाखवली.

ताईंनी सिरिंजमध्ये ओढताना तळाशी थेंबभर तसंच ठेवलं. काच कितीही नीट मोडली तरी तिचे सूक्ष्म कण आत पडू शकतात, म्हणून काही ठिकाणी 5 मायक्रॉनची जाळी असलेली फिल्टर सुई वापरतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड, यावरून समजा. बाबांना तो थेंब बघवेना. पैसे दिलेत त्याचे, म्हणाले. काका म्हणाले, अहो 1 मिली लिहिलं असलं तरी आत साधारण 0.1 मिली जास्तच भरतात, सगळं काही ओढता येत नाही हे धरूनच. बाबांचं समाधान झालं, आता ते प्रत्येक अँप्यूलकडे आपल्याला फुकट काहीतरी मिळालंय अशा नजरेने बघतात.

काकांनी त्या दिवशी चहा घेता घेता अँप्यूल फ्रान्समधल्या लिमूझाँ नावाच्या औषधवाल्याने 1886 मध्ये आणली हेही सांगितलं, आणि सीलबंद अँप्यूल कुठे गळतेय का ते बघायला निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून व्हॅक्यूम लावतात, गळकी असली तर आतलं निळं होतं, हेही. मग काकूंचा फोन आला.

पुढच्या आठवड्यात मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीचं खोकं दिलं. मी पूर्ण तयारीत, गॉज, चष्मा, प्रकाशाकडे तोंड. टिंबच नाही! टिंबाच्या जागी मानेवर रंगीत रिंग, आणि टाळक्यावर अजून दोन रिंगा, हिरवी आणि पिवळी. मुलगा धावत खाली गेला. काका वर आले, जवळजवळ पळतच. तर वरच्या दोन रिंगा उघडायच्या नाहीत, त्या ओळखीच्या. या औषधाच्या अँप्यूल त्या औषधाच्या लायनीत मिसळू नयेत म्हणून रंगांचा कोड. उघडायची ती मानेवरची. तो साधा रंग नसतो, काचेवर भाजून बसवलेलं इनॅमल असतं, आणि त्याचं तापून प्रसरण पावण्याचं प्रमाण काचेपेक्षा मुद्दाम वेगळं ठेवतात. गार होताना दोघांचं जमत नाही आणि त्या रिंगेखाली काचेत कायमचा ताण बसतो. म्हणून ही कुठल्याही बाजूने मोडा, रिंगेवरच मोडते. गंमत म्हणजे त्याच अँप्यूलच्या बाकीच्या अंगातला ताण काढायला तिला भट्टीतून सावकाश नेऊन गार केलेलं असतं. सासूबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "सगळीकडचा काढायचा आणि मानेवर घालायचा, माझ्या सर्व्हायकलसारखं केलंय की."

कुठल्याही बाजूने मोडते म्हटल्यावर नवऱ्याचा आत्मविश्वास परत आला. त्याने मोडली, डोळे उघडे ठेवून, आणि मोडली बरं का नीट. संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या ग्रुपवर फोटो.

फुटक्या टाळक्यांचं काय करायचं हा एक वेगळाच व्याप. हॉस्पिटलात अशा काचेला निळ्या खुणेचा डबा असतो, 2016 च्या नियमांप्रमाणे, घरात ओला आणि सुका. सुक्यात टाकल्या तर सफाईवाल्या मावशींचा हात कापणार. मग ताईंनी मराठी घरात कधीच न संपणारी वस्तू मागितली, श्रीखंडाचा रिकामा डबा. काचा त्यात आणि ताई हॉस्पिटलात घेऊन जाणार. डब्यावर मी लाल स्केचपेनने "काच" लिहिलं, तरी ताईंच्या पिशवीतून तो वॉर्डमध्ये निघाल्यावर दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय चमचे घेऊन आले म्हणे.

कोर्स संपला. ताईंचं बँडेज पण सुटलं. आता डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, स्ट्रिप दोन्ही बाजूंनी जाड ॲल्युमिनियमची, दाबून फुटत नाही, नखाने सोलत नाही, आणि कात्रीने कापली की गोळी अर्धी. मी काकांना खाली जाऊन विचारलं. त्यांनी स्ट्रिप उलटसुलट बघितली आणि परत माझ्या हातात दिली. म्हणाले, स्ट्रिपचं डिपार्टमेंट समोरच्या शेडमध्ये होतं, त्या लोकांशी आमचं कधी पटलंच नाही.