संपाचं वेळापत्रक

इटलीत रेल्वेचा देशव्यापी संप अनेकदा रात्री नऊला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री नऊला संपतो. हे तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. ठाऊक नव्हतं ते फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला स्टेशनात सकाळी साडेनऊला अगडबंब बॅगा घेऊन उभ्या असलेल्या आम्हा दोघी बहिणींना.

बोर्डावर आमच्या व्हेनिसच्या गाडीपुढे लाल अक्षरं चमकत होती. ताई तरातरा काउंटरवर गेली.

"गाडी रद्द का?"

"संप," काउंटरवरची बाई म्हणाली. आज जरा ढगाळ आहे म्हणावं, तितक्या सहज.

"अहो, पण आधी कळवायचं नाही का?"

"कळवलं होतं की. केव्हाच."

आणि खरंच कळवलं होतं हो! 1990 सालचा 146 क्रमांकाचा कायदाच आहे तिथे. अत्यावश्यक सेवेत संप करायचा तर निदान 10 दिवस आधी नोटीस द्यायची, शिवाय कधीपासून कधीपर्यंत तेही सांगायचं. परिवहन मंत्रालयाच्या वेबसाइटवर तर होऊ घातलेल्या संपांची यादीच असते: तारीख, प्रदेश, तास, संघटना, सगळे रकाने भरलेले. ताईनं रात्री जागून आखलेल्या आमच्या टूरपेक्षा हा संप कितीतरी नीट आखलेला होता. ताईला नेमकं हेच लागलं असावं.

संप सुरू होताना जी गाडी वाटेत असेल तिचाही नियम आहे. तासाभरात शेवटचं स्टेशन गाठता येत असेल तर गाडी तिथवर जाते. नाहीतर अलीकडेच थांबू शकते. म्हणजे माणसानं व्हेनिसला निघावं आणि वाटेतल्या रोव्हिगोला मुक्काम करावा. त्या मानानं आम्ही सुखी. आमची गाडी निघालीच नव्हती.

पण त्यांच्या संपातही दयामाया असते. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरलेल्या लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. चाकरमान्यांचे हाल नकोत म्हणून. सकाळचे नऊ कधीच वाजून गेले होते. आता संध्याकाळची वाट बघायची.

मग आम्ही बॅगांवर ठिय्या दिला. बसची तिकिटं आमच्याहून चपळ मंडळींनी लाटली होती. "गाडी भाड्यानं घेऊ, मी चालवते," असं ताई म्हणाली. मी ऐकू न आल्यासारखं केलं. (फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी घातली की कॅमेरा टिपतो आणि दंडाची चिठ्ठी पार घरापर्यंत पाठलाग करत येते.) आजूबाजूला कोरियन, ब्राझिलियन, अमेरिकन, सगळे हताश होऊन त्याच बोर्डाकडे बघत होते. इटालियन माणूस मात्र औषधालाही नव्हता. संप त्यांचा, स्टेशन त्यांचं आणि ताटकळायला आम्ही!

पावणेसहा झाले आणि चमत्कार घडला. चारी दारांनी इटालियन माणसं आत येऊ लागली. हातात ऑफिसची बॅग, चेहरा शांत, कुणालाही घाई नाही. बोर्डाकडे एकानंही मान वर करून पाहिलं नाही. सरळ आपापल्या फलाटावर गेली. ताई म्हणाली, "यांच्या मागून चल. यांना सगळं माहीत असतं."

प्रातोला गाडी बदलली, बोलोन्याला पुन्हा बदलली. या तिसऱ्या गाडीत बसायला जागा नव्हती. माझ्या बॅगेवर एक तरुण बसला, तोही रीतसर परवानगी घेऊन. त्याला आमची दिवसभराची कर्मकथा ऐकवली. त्यानं अगदी मनापासून हळहळत विचारलं, "पण तुम्ही आजचीच तारीख का निवडली?" ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा पुढच्या स्टेशनापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

बरोबर नऊला संप संपला. ना घोषणा, ना टाळ्या. तरुणानं मोबाइल काढून तीच सरकारी यादी आम्हाला दाखवली आणि विचारलं, "परत कधी निघणार?"

"शुक्रवारी. विमानानं," ताई ठसक्यात म्हणाली.

त्यानं बोट फिरवत यादी खाली सरकवली आणि थांबला. "शुक्रवारी विमानतळावर आहे. पण काळजी नको, सकाळी सात ते दहाची उड्डाणं सुटतातच."

आमचं विमान सव्वादहाचं होतं.