इकडची बाब तिकडे

शाखा अभियंता म्हणून नव्याने रुजू झाला असाल तर आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका. सरकारी कामात पैसे कमी पडत नाहीत आणि उरतही नाहीत. ते फक्त चुकीच्या बाबीत पडलेले असतात. त्यांना योग्य बाबीत नेऊन सोडणं हे तुमचं काम. याला कुणी भ्रष्टाचार म्हणालं तर रागावू नका. त्या बिचाऱ्याने शेड्यूल बी, म्हणजे कामाच्या बाबी, त्यांची परिमाणं आणि दर यांची निविदेतली यादी, कधी वाचलेलं नसतं.

निविदा बी-1 नमुन्यातली आहे की बी-2, ते आधी बघा. बी-2 मध्ये ठेकेदार प्रत्येक बाबीला वेगळा दर भरतो. तो जाणता असेल तर जिचं परिमाण चिमूटभर आहे त्या बाबीला घसघशीत दर भरेल आणि जिचं परिमाण डोंगराएवढं आहे ती जवळजवळ फुकट करून देईल. एकूण बेरीज सगळ्यांत कमी, म्हणून काम त्याला. मग जागेवर निसर्ग आपली किमया दाखवतो. अंदाजपत्रकात जिथे मुरूम होता तिथे कठीण खडक लागतो. बी-1 मध्ये सगळ्या बाबींना मिळून एकच टक्का, जास्तीचा नाहीतर कमीचा. तिथे दरसूचीतली कुठली बाब ‘सुटते’, म्हणजे कशात नफा उरतो, हे ठेकेदारालाच विचारा, त्याला तोंडपाठ असतं.

आता निविदेच्या अटींमधलं कलम 38. शेड्यूलमधली परिमाणं अंदाजे असतात, आणि 25 टक्क्यांपर्यंत वाढली तरी निविदेच्याच दराने काम करायचं, असं हे कलम सांगतं. ज्याने कुणी हे लिहिलं त्याला वाटलं असेल, सरकारचं हित जपलं. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा की सव्वाशे टक्क्यांची रेघ ओलांडली की नवा दर, वरिष्ठांची मंजुरी आणि नको ते प्रश्न सुरू होतात. म्हणून 400 घनमीटर खडकाचे 500 करू नका. मोजमाप पुस्तिकेत 124.40 × 2.00 × 2.00 असं लिहा, 497.60 येतात. गोल आकडा लेखा शाखेला खुपतो, दोन दशांश स्थळं पाहिली की सगळे आदराने मान डोलावतात. खाडाखोड करायची नाही. चुकलंच तर आडवी रेघ मारून बाजूला आद्याक्षरी करायची. सगळं नियमाने.

बाब मात्र जमिनीखालचीच निवडा. रंगकामाच्या वाटेला जाऊ नका, भिंत कुणीही टेप लावून मोजतो, अगदी सरपंचसुद्धा. पाया बुजवला, वर काँक्रीट पडलं की खाली मुरूम होता की कातळ, हे एका ठेकेदाराला आणि एका पोकलेनवाल्याला ठाऊक. आणि पोकलेनवाला परराज्यातला असतो.

खोदकाम नसेल तर ‘लीड’, म्हणजे माल वाहून आणायचं अंतर, आहेच. खडीची खाण कामापासून 6 किलोमीटरवर असली तरी लीड चार्टमध्ये तिला जरा लांब जाता येतं. टेकड्या इतक्या चपळ असतात हे भूगोलात शिकवत नाहीत.

कमी दराने निविदा गेली आणि बचत झाली तर घाबरून जाऊ नका. बचत परत करणारा विभाग म्हणजे पुढच्या वर्षी निधी नको म्हणणारा विभाग. कामाचं नाव ‘पूरहानी दुरुस्ती’ असू द्या, नावाला हात लावायचा नाही. त्याच नावाखाली विश्रामगृहाच्या फाटकापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवा. टिपणीत ‘जागेवरील परिस्थितीनुसार’ हे शब्द हवेतच. या दोन शब्दांपुढे अजून कुणी उभं राहिलेलं नाही. पूर तिथवर आला नव्हता, हे खरं. पण आला असता तर ब्लॉक उपयोगी पडलेच असते.

वरच्या पातळीवर यालाच पुनर्विनियोजन म्हणतात आणि तिथे उगीचच अडथळे आहेत. भांडवली निधी महसुलीत न्यायचा नाही, दत्तमत (विधिमंडळाने मतदानाने दिलेला) आणि भारित (मतदानाशिवायचा) खर्च यांची सरमिसळ करायची नाही, अर्थसंकल्पातल्या एका मागणीतले पैसे दुसऱ्या मागणीत घालायचे नाहीत, आणि जे काय करायचं ते 31 मार्चच्या आत. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत तर वर्षअखेरीची खर्चाची घाई हा वित्तीय औचित्याचा भंग मानला आहे. नियम चांगला आहे. तो एप्रिल ते जानेवारी निवांत वाचावा, मार्चमध्ये बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी उतरतो तेव्हा वाचायला वेळ नसतो.

राहता राहिलं लेखापरीक्षण. महालेखापालांचं पथक येतं तेव्हा खडकावर गवत उगवलेलं असतं आणि तुमची बदली झालेली असते. अर्धसमास, म्हणजे लेखापरीक्षकाची लेखी विचारणा, निघतो: खोदकामात एवढी वाढ का, भूस्तराचे नमुने कुठे? तुमच्या जागी आलेल्याला फोन करून सांगा, खुलासा लगेच द्यायचा नाही. ‘अभिलेख तपासून अनुपालन सादर करण्यात येईल’ एवढं कळवायचं. मोजमाप पुस्तिका उपविभागात नाही, विभागात आहे. विभाग सांगेल, देयकासोबत मंडळात गेली. मंडळ विचारेल, कोणती?