‘फॉरमॅट मारला की सगळं गेलं’? काही जात नाही

‘जुना कॉम्प्युटर देण्याआधी एवढं कराच’ हा मेसेज फिरत फिरत आमच्या काकूंपर्यंत पोचला. त्या आपला पीसी गावच्या शाळेला देणार आहेत, आणि त्यात काकांची इन्कम टॅक्स रिटर्न्स, घरातल्या सगळ्यांच्या आधार कार्डांचे स्कॅन! मेसेज म्हणतो: फॉरमॅट मारा, डिस्कवरून लोहचुंबक फिरवा, तरी धाकधूक वाटली तर ३५ वेळा पुसा.

फॉरमॅटचा सल्ला सगळ्यात घातक. विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’वर आधीच टिक असते. त्यात कुठली फाइल कुठे आहे याची यादी तेवढी कोरी होते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली, पानं जागच्या जागी. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती यादी बघतच नाही. जेपीजी फाइल ‘एफएफ डी८’ या बाइट्सनी सुरू होते. तेच हुडकत ते अख्खी डिस्क चाळतं आणि फोटो बाहेर काढतं. आधारचा स्कॅनही त्याला फोटोच. एमआयटीच्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलट यांनी सेकंडहँड बाजारातून १५८ हार्ड डिस्क घेतल्या. २००३ साली त्यांनी निष्कर्ष छापले: चालू निघाल्या १२९, नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांतून क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर निघाले, लोकांचे वैद्यकीय रिपोर्टसुद्धा.

आता, ती टिक काढून पूर्ण फॉरमॅट केला तर व्हिस्टा या आवृत्तीपासूनचं विंडोज डिस्कभर जुन्या डेटावर शून्यं लिहितं, एवढं मान्य. पण मेसेजमध्ये टिकचा उल्लेख कुठाय?

लोहचुंबकाचं तर सोडाच. हार्ड डिस्कच्या आतच निओडिमियमची जबरदस्त चुंबकं असतात आणि त्यांच्याशेजारी डेटा वर्षानुवर्षं सुखरूप राहतो.

३५ हा आकडा कॉम्प्युटर सुरक्षेचे संशोधक पीटर गटमन यांच्या १९९६च्या पेपरातला, तेव्हाच्या तऱ्हेतऱ्हेच्या डिस्कसाठीचा. लोक त्याचा मंत्रतंत्र करून बसलेत, असं पुढे त्यांनीच लिहिलं. आजच्या हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा शून्यं लिहिली की पुरे. ३५ ऐकून माणूस दमतो आणि एकदाही पुसत नाही.

तेव्हा काकू, हवे ते फोटो आधी दुसरीकडे काढून घ्या. मग सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, ‘रीसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. पुढे ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ला ‘येस’ करा, ते आपोआप होत नाही. काही तास लागतील, लागू द्या. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे चिपमध्ये डेटा साठवणारी डिस्क असेल तर तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं ‘सिक्युअर इरेज’ वापरा. डिस्क बंदच पडली असेल तर ती काढून ठेवा आणि बाकीचा पीसी खुशाल शाळेला द्या.