एसटीत आधी चढलेल्याचं उत्तर

भाऊ, तुमची कमेंट रात्रीच वाचली आणि तिथल्या तिथं उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण लाइट गेली, बरंच झालं. सकाळी डोकं थंड असतं. म्हणजे जळगावात जेवढं राहू शकतं तेवढं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या कॉलनीमागच्या वावरात चारशे फ्लॅटची स्कीम येतेय आणि हायवेला जायचा आमचा एकुलता एक रस्ता त्यानं तुंबणार असं मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर भाऊंचं म्हणणं असं की तुम्ही एसटीत आधी चढलेल्या माणसासारखे, स्वतःला सीट मिळाली की दारात उभं राहून खालच्यांना ‘फुल्ल आहे, मागच्या गाडीनं या’. शिवाय आपल्याकडं जरा काही व्हायला लागलं की लगेच ट्रॅफिकचं रडगाणं, मग पोरं पुण्याला पळतात म्हणून परत आपणच रडणार. आणि माझे आकडे म्हणे हवेतले आहेत.

आकड्यांचं आधी घेतो, कारण तिथं तुमचं बरोबर आहे. मी सरळ ४०० गुणिले २ करून ८०० गाड्या रस्त्यावर आणून सोडल्या होत्या, जसं काही सगळी बिल्डिंग साडेनऊच्या ठोक्याला कुलूप लावून एकदम खाली उतरणार. तसं नसतं. आणि गाडी गाडीतही फरक आहे, इंडियन रोड काँग्रेस (आयआरसी), म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या हिशोबात सगळी वाहनं कारच्या मापात मोजतात, त्याला पीसीयू म्हणतात, टू-व्हीलर म्हणजे अर्धी ते पाऊण कार, ट्रक-बस म्हणजे सव्वादोन ते पावणेचार कार. आपल्याकडं निम्म्याच्या वर टू-व्हीलरच, त्यामुळे माझे ८०० बरेच खाली येतात. मान्य.

पण भाऊ, त्याच आयआरसीची शहरातल्या रस्त्यांसाठी १९९० ची गाइडलाइन आहे, तीही बघा ना. दोन पदरी रस्ता, दोन्ही बाजूनं ये-जा. कडेला गाड्या उभ्या नसतील, घरादुकानांची गेटं थेट रस्त्यावर उघडत नसतील तर तासाला १५०० पीसीयू धरतात. तोच रस्ता, तेवढीच रुंदी, पण कडेला पार्किंग, थेट रस्त्यावर उघडणारी गेटं आणि आडवी ये-जा भरपूर असली की ९००. डांबर तेवढंच आणि ६०० गायब! आमच्या रस्त्याच्या तोंडाशी एका बाजूला डेअरी, दुसऱ्या बाजूला शेव-फरसाणवाला, मध्ये रिक्षा, आणि रविवारी भरताची वांगी घेऊन बसणारे ते वेगळेच (ते उठू नयेत अशी माझी मनापासून इच्छा आहे), त्यामुळे ९०० तरी कुठून मिळायचे.

तुमची कमेंट झोंबली म्हणून आज सकाळी वही घेऊन टपरीवर बसलो, गाड्या मोजायच्या म्हणून. चार-चार रेघा आणि पाचवी आडवी. पंधरा-वीस मिनिटांत नाद सोडला, कारण एक स्कूल व्हॅन पोरगं घ्यायला थांबली, समोरून चाऱ्याचं ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आलं, मधून एकानं अ‍ॅक्टिवा घातली आणि सगळं जाम. गाड्या किती होत्या म्हणाल तर फार नव्हत्याच हो. मोरीला भोक एकच असलं की दोन भांड्यांचं पाणीसुद्धा तुंबतं, तसा प्रकार.

आता भोक एकच का, तर आपल्याकडची गावं वाढतात कशी ते बघा. एकानं वावर एनए, म्हणजे बिगरशेती, केलं, लेआउट पाडलं, रस्ते आपल्या बांधापर्यंत आणून सोडून दिले. शेजारच्यानं पाच वर्षांनी पाडलं, त्याचा रस्ता पन्नास फूट बाजूला निघाला. मंजुऱ्या दोघांकडं आहेत, कागद दोघांचे सरळ, पण इकडून तिकडं जायचं तर पार हायवेवर जाऊन वळसा घालून या. वावर होतं तेव्हा बांधावरून भांडायचे, आता प्लॉट पडले तरी बांध तिथंच! नवीन स्कीमसुद्धा याच माळेतली आहे. २०२० पासून जी बांधकाम नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर, तिच्यात रस्ता जितका रुंद तितका जास्त एफएसआय, म्हणजे प्लॉटवर तितकं जास्त बांधकाम, मिळतो, पण रुंदी बघायची ती प्लॉटसमोरची. तो रस्ता पुढं जाऊन ज्या बोळात शिरतो त्याचं काय?

डीपीत, म्हणजे विकास आराखड्यात, आमच्या मागून एक रस्ता दाखवलाय. नकाशात झकास दिसतो. जागेवर तिथं कपाशी आहे. आणि कायदा असा की आरक्षित जागा १० वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत काही हाललं नाही तर आरक्षण उडतं, नगररचना कायद्याचं कलम १२७. मालकाचंही चुकत नाही, त्यानं तरी किती वर्षं अडकून पडायचं. पण ती मुदत संपायच्या आत कोणी हललं नाही तर आमचा मागचा रस्ता नकाशातूनसुद्धा जाईल, मग ४०० फ्लॅट येवोत नाहीतर ४०.

ट्रॅफिकचा बाऊ म्हणता, पण भो, हायवेचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. राष्ट्रीय महामार्ग ६ चा नंबर बदलून ५३ झाला तरी ट्रक शहराच्या मधूनच धावत होते, शाळा-कॉलेजची पोरं त्यांच्यामधूनच सायकली काढत होती, समांतर रस्ते करा म्हणून लोकांना रस्त्यावर बसावं लागलं, पाळधी-तरसोद बायपासची वाट बघण्यात किती वर्षं गेली. दुकानं, शोरूम, कॉलन्या सगळं आधी उभं राहिलं आणि रस्त्याचं डोक्यात नंतर आलं. त्यात कोणाकोणाच्या घरची माणसं गेली ते इथं लिहित नाही.

पोरांचं म्हणाल तर माझा पुतण्याही पुण्यात आहे. इथं घरं झाली, ती परवडली तर तो येईल असं मलाही वाटतं, त्यामुळे स्कीम होऊच नये असं मी म्हटलेलं नाही, परत वाचा. माझं घरही कपाशीच्याच वावरात उभं आहे, पाया खोदताना पऱ्हाट्या निघाल्या होत्या. मागणी एवढीच की मागचा डीपी रस्ता आधी ताब्यात घेऊन खडी-मुरूम टाकून तरी चालू करा, मगच भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे नव्या फ्लॅटांत राहायला जायची परवानगी, द्या. तुमच्या एसटीला मागं ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असतो भाऊ, आमच्या कॉलनीला तोही नाही.

आणि आता जे मागच्या लेखात लपवलं होतं ते सांगून टाकतो, नाहीतर उद्या दुसरंच कोणीतरी कमेंटमध्ये टाकेल. आमच्या कॉलनीतून शेजारच्या कॉलनीत निघणारी एक वाट होती. रिक्षा जाईल एवढी. आठ-नऊ वर्षांपूर्वी ‘बाहेरच्यांच्या गाड्या येतात, पोरं खेळतात’ म्हणून आम्ही वर्गणी काढून तिथं भिंत घातली, पाचशे रुपये माझेही आहेत त्यात. तेव्हा विरोध करणारे एकच काका होते, त्यांना आम्ही मीटिंगमध्ये खाली बसवलं. तर एसटीचं दार अडवणारा मीच, हे तुमचं बरोबर, फक्त तुम्हाला वाटतं त्यापेक्षा आधीपासून अडवतोय.

ती भिंत पाडायचा विषय मी या महिन्याच्या मीटिंगमध्ये काढणार आहे. शिव्या पडतील, तयारी आहे. तुम्ही जवळच राहता असं दिसतंय, तर रविवारी सकाळी या, भिंतही दाखवतो आणि मागची कपाशीही. फक्त टू-व्हीलरवर या, कार लावायला जागा नाही.