नटीवर भाषण कसं ठोकावं

तुमच्याही गावात 8 मार्च येतोच. बॅनर छापलं जातं, त्यावर सगळ्या पुढाऱ्यांचे फोटो लागतात, कोपऱ्यात जागा उरली तर सावित्रीबाई. मग कुणाला तरी वाटतं की दरवर्षी तेच ते होतं, यंदा एखाद्या नटीवर व्याख्यान ठेवू, बाया येतील. आणि व्याख्याता म्हणून तुमचं नाव पुढं येतं, कारण गावात जॅकेट तुमच्याचकडे आहे. घाबरू नका. उमरेड-भिवापूर पट्ट्यातल्या आमच्या गावात नुकतंच 'स्मिता पाटील : जीवन आणि कार्य' या विषयावर असं व्याख्यान झालं. मी मधल्या खुर्चीत अडकले होते, उठून जायला वाट नव्हती. त्यामुळं ही विद्या मला अथपासून इतिपर्यंत मिळाली आहे. ती तुम्हाला फुकट देते.

पहिलं म्हणजे, सिनेमा बघू नका. ते रिकामटेकड्यांचं काम. वक्त्यानं फक्त फोन उघडायचा, तोही मंचावर बसल्यावर, सत्कार सुरू असताना. आमच्या वक्त्यांनी एका हातात नारळ आणि एका हातात फोन धरून पूर्वतयारी केली. जन्म 17 ऑक्टोबर 1955, पुणे. इथवर बरोबर झालं. मग रेंज गेली.

रेंज गेली की बापावर या. बाई केवढीही मोठी असो, ती आधी कुणाची तरी पोरगी असते, आणि बोलायला ते सोपं जातं. वडील शिवाजीराव पाटील, शिरपूरकडचे, राज्यात मंत्री होते. एवढं कळलं की पुढचं वाक्य आपोआप तोंडात येतं : 'मंत्र्याची पोरगी! तिले काय कमी होतं बाप्पा!' ते स्वातंत्र्यसैनिक होते, आई विद्याताई समाजकार्यातल्या होत्या, घरात राष्ट्र सेवा दलाचं वातावरण होतं, ही माहिती मात्र लपवा. तिच्यानं 'काय कमी होतं'चा सगळा जोर जातो.

मुंबई दूरदर्शनवर बातम्या देताना ती जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची, हा किस्सा सांगाच. तो नसेल तर लोक म्हणतात, सायबानं तयारी केली नाही.

तिचे दिग्दर्शक श्याम बेनेगल, हे नाव टाळा, जीभ अडकते.

सिनेमांची नावं घेताना क्रम पाळा. आधी 'नमक हलाल', मग पुन्हा 'नमक हलाल'. त्यात अमिताभबरोबरचं पावसातलं गाणं आहे. ते सांगताना मागच्या बाजूची पोट्टी शिट्ट्या मारतात, ती दाद समजून जरा थांबायचं आणि पाण्याचा घोट घ्यायचा. 'भूमिका'च्या वाटेला जाऊ नका. एकविशी-बाविशीतल्या पोरीनं जुन्या काळच्या नटी हंसा वाडकरांच्या आयुष्यावर बेतलेली बाई पडद्यावर उभी केली, कोवळ्या वयापासून पार थकून एकटी पडेपर्यंतची, आणि 1977 चा राष्ट्रीय पुरस्कार नेला. मग 'चक्र'मधली झोपडपट्टीतली बाई, तिच्यासाठी दुसरा राष्ट्रीय पुरस्कार. 1985 साली पद्मश्री. हे सांगत बसलात तर त्या बाईला काम येत होतं असा लोकांचा समज व्हायचा. 'अनेक पुरस्कारांनी सन्मानित' म्हणा आणि पुढं चला.

'मंथन'चा मोह झालाच तर आवरा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून 1976 साली तो सिनेमा उभा केला. स्मिता त्यात गावातली बिंदू झाली आहे. त्याची दुरुस्त केलेली प्रत 2024 मध्ये पार कानच्या महोत्सवात दाखवली गेली. हे तुम्ही सांगायला जाल आणि एखादा म्हातारा मागून उठून विचारेल, 'मंग आपल्या डेरीचं काय झालं हो?' मंचावर कोण कोण बसलं आहे, ते आधी बघत जा.

'उंबरठा'तही काही नाही. त्यात आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांची गझल आहे, म्हणजे विदर्भाच्या नावानं छाती फुगवायची आयती सोय होती. आमच्या वक्त्यांनी तीसुद्धा घालवली, यावरून त्यांचा संयम दिसतो. आणि गोष्ट कोणती, तर शिकलेली सून घरदार सोडून बायकांच्या आश्रमावर नोकरीला जाते. महिला दिनाला बायांसमोर असलं सांगतात काय?

मधे एक शेर टाका. कुणाचाही चालतो, गालिबचा म्हणून सांगायचा.

आता मुख्य विषय. लग्न. निम्म्याहून जास्त भाषण यालाच द्या. तिनं ज्या नटाशी लग्न केलं तो आधीचा लग्नाचा होता, हे वाक्य आलं की आवाज खाली आणायचा, माईक ओठाला लावायचा, पुढं वाकायचं. आमच्या वक्त्यांनी तर डोळेसुद्धा मिटले. 'दुसरीचा संसार मोडला माय तिनं!' मोडला. एकटीनं मोडला. तो नट तेव्हा बहुधा झोपला असावा, उठून बघतो तर गळ्यात हार. पुढं तो खासदार झाला. त्याच्या सत्काराला 'जीवन आणि कार्य' असं व्याख्यान ठेवलं असतं, तर लग्नाचं वाक्य पहिलं आलं असतं काय हो? 'जीवन' त्याच्या वाट्याला चार ओळींचं आणि 'कार्य' तासाभराचं आलं असतं. हिच्या वाट्याला उलटं. बारा-तेरा वर्षांच्या कारकिर्दीत 'निशांत' आहे, 'जैत रे जैत' आहे, 'बाजार' आहे, 'मंडी' आहे, 'अर्धसत्य' आहे, आणि आम्हाला ऐकायला मिळालं काय, तर कोण कोणाच्या घरी राहत होतं.

ही विद्या फक्त मुंबईच्या नटीवर वापरायची असंही नाही. सरावाला आपल्याकडे जागा भरपूर. भाऊबीज झाली की आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडशाच्या नाटक कंपन्या निघतात ते होळीपर्यंत. आज या गावची मंडई म्हणजे जत्रा, उद्या त्या गावचा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्रभर नाटक. त्यातली नायिका रात्री दहाला तोंडाला रंग लावते आणि कोंबडं आरवल्यावर पुसते. पुसाच्या थंडीत, उघड्या मंडपात, पातळ साडीवर. एका रात्रीत नाचते, गाते, सासूचा मार खाते, मेलेल्या लेकराला मांडीवर घेऊन असा हंबरडा फोडते की पुढच्या सतरंजीवरच्या म्हाताऱ्या पदर तोंडात घालतात. मग गाडीत मान वाकडी करून झोपते आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात पुन्हा उभी. घरी तिची लेकरं शेजारणीच्या भरवशावर. कपडे बदलायला तिला आपण काय देतो? ताडपत्री. तिलाही भोकं, आणि भोकाशी कोण डोळा लावतं ते गावातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि सकाळी पानठेल्यावर हेच भाऊ, रात्री 'वन्स मोअर' म्हणून घसा फोडणारे, पिचकारी टाकून म्हणतात, 'नाटकातल्या पोट्ट्या, त्यायचं काय सांगावं.' काय सांगावं? तिच्या कमाईवर तिच्या भावाचं शिक्षण झालं ते सांगा. झाडीपट्टीच्या कलावंताला 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा स्टेटसवर 'आपला अभिमान' लावत होते ना सगळे? मग त्या अभिमानात ही बाई नाही काय? आमचे हे वक्ते दरसाल मंडईच्या नाटकाची फीत कापतात, नायिकेसोबत फोटो काढतात. पण घरच्या पोरीनं गॅदरिंगमध्ये नाच बसवला तर खानदानाचं नाक कापलं जातं. बाईचं नाचणं बघायला यांना पुढची खुर्ची लागते आणि बाईचं नाव घ्यायला जीभ...

असो. आपण सल्ले देत होतो. चिडायचं नाही.

वेशभूषा : जॅकेट.

पाहुण्यांचा परिचय भाषणापेक्षा लांब ठेवा, म्हणजे भाषण छोटं वाटतं. आमच्याकडे सत्कारच तासभर चालले. महिला दिनाच्या मंचावर सरपंचबाई होत्या, पण खुर्चीवर त्यांचे मिस्टर बसले होते आणि त्या मागे उभ्या होत्या. शाली संपल्या तेव्हा टॉवेल निघाले. सत्कार झालेल्यांत एक बाई होती, स्वागतगीतवाली.

शेवट मात्र रडवून करा. 28 नोव्हेंबर 1986 ला तिला मुलगा झाला आणि 13 डिसेंबरला ती गेली. 31 वर्षांची होती. हे सांगून नुसतं गप्प बसलं तरी मंडप गलबलतो, पण गप्प बसायला का आपण भाषणाला उभे राहतो? म्हणून 'नियतीचा सूड' वगैरे काहीतरी जोडा. आमच्या वक्त्यांनी जोडलं : 'कोणाचा तळतळाट लागला, म्हून झालं हे सगळं.'

इथं माझ्याकडचे सल्ले संपले.

तळतळाट? त्या मंडपात आमची आशाताई बसली होती. रात्री-बेरात्री कळा लागलेल्या बाईला गाडीत घालून नेणारी, वाटेत तिचा हात धरून बसणारी. तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं बाळंतीण कशानं दगावते. रक्त थांबत नाही म्हणून. जंतुसंसर्ग होतो म्हणून. रक्तदाब चढतो म्हणून. ताप आहे, अंगावर काढू नको, हे वेळेवर सांगणारं कुणी नसतं म्हणून. मुंबईत राहणारी, नावपैसा असलेली, पद्मश्री मिळालेली बाई बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीनं जाते, तर 'नागपूरले न्या' एवढीच चिठ्ठी जिच्या हातात पडते त्या आपल्या गावच्या बाईचं काय, हे विचारायला याच्यापेक्षा चांगला दिवस कोणता होता? समोर पोटुश्या बाया बसल्या होत्या, भाऊ. पहिलटकरीण होती एक. पोटावर हात ठेवून ऐकत होती. तिला तुम्ही तळतळाट सांगितला. घरी जाऊन ती काय विचार करत झोपली असेल, याचा तुम्हाला पत्ता तरी आहे?

आणि 'मिर्च मसाला'चं नावही नाही घेतलं तुम्ही. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्हीच दर भाषणात सांगता. समोर बसलेल्या निम्म्या बाया मिरचीच्या सातऱ्यावरून, म्हणजे मिरच्या खुडायच्या जागेवरून, उचलून आणलेल्या. दिवसभर देठ खुडून त्यांच्या हाताची अशी आग होते की रात्री लेकराच्या तोंडावरून हात फिरवता येत नाही. त्या सिनेमात सोनबाई आहे, सुभेदाराच्या थोबाडीत मारून पळालेली. ती मिरचीच्या कारखान्यात शिरते, म्हातारा चौकीदार फाटक लावून घेतो आणि मेला तरी उघडत नाही. बाहेर सगळं गाव म्हणतं, एक बाई देऊन टाका म्हणजे आपण सुटलो. शेवटी आतल्या बाया लाल तिखट सुभेदाराच्या डोळ्यात फेकतात. केतन मेहतांचा तो सिनेमा 1987 मध्ये लोकांपुढं आला तेव्हा स्मिता जिवंत नव्हती. सातऱ्यावरच्या बाईला ही गोष्ट सांगायला असा किती वेळ लागला असता? तिखट काय असतं ते तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

मी आधी येऊन सांगितलं होतं, व्याख्यान राहू द्या, हा सिनेमाच लावा, पडदा मी शाळेतून मागून आणते. 'एवढा टाइम कोणाले आहे मॅडम!' टॉवेल वाटायला टाइम होता. त्या बाईच्या लग्नाचा चिवडा करायला टाइम होता. तिचं काम बघायला नव्हता. तुम्हाला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं, ठीक आहे, तर मग नाही म्हणायचं होतं. माईक सोडवत नाही ना हातातून? मग निदान पुढच्या वर्षी शेतीवर बोला, क्रिकेटवर बोला, स्वतःच्या लग्नावर बोला. बाईच्या आयुष्याला हात लावू नका.

आणि एक. सातऱ्यावर जेवढे किलो खुडले तेवढेच पैसे मिळतात. गर्दी दिसावी म्हणून तुम्ही ज्या बायांना कामावरून उठवून आणलं, त्यांचा तो दिवस बुडाला. एक कप चहा आणि दोन बिस्किटांवर तुम्ही तो मिटवला. ती मजुरी कोण देणार आहे, तेवढं सांगा.