मान कुठे टाकू?

मे महिन्यात नागपुरात दुपारी तीन वाजता घराबाहेर पडणारा माणूस एकतर लग्नाच्या आमंत्रणात अडकलेला असतो, नाहीतर भाच्याच्या. मी भाच्याच्या. तो सॅक्सोफोन वाजवतो आणि त्याच्या चौघांच्या मंडळाचा मुक्त जॅझचा कार्यक्रम होता.

"मामा, याच्यात काहीच ठरलेलं नसते. स्टेजवर जे सुचेल ते वाजवायचं."

"मग दोन महिने तालीम कशाची करून राहिले तुम्ही?"

"मामा!" एवढंच म्हणाला.

पूर्वतयारी म्हणून त्यानं मला ऑर्नेट कोलमन या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याची 1960 सालची रेकॉर्ड ऐकायला लावली. डाव्या कानात चार वादक, उजव्या कानात चार, आणि जवळपास 37 मिनिटं आठही जण एकमेकांना न जुमानता वाजवतात. (हे माझं मत. भाच्याच्या मते ते एकमेकांना फार बारकाईनं ऐकत असतात. आमच्या घरी दिवाळीला आठ माणसं जमली की तीही तसंच ऐकतात.) हा कोलमन प्लास्टिकचा सॅक्सोफोनही वाजवायचा, असं मी सौभाग्यवतीला सांगितलं. ती म्हणाली, "पितळेचा कोणी दिला नसंल. त्याचाच राग आहे हा."

मी तसा गाण्याचा माणूस. म्हणजे गाता येत नाही, पेटीवर 'सा' सापडत नाही. पण चाळीस वर्षं मैफली ऐकून एक विद्या कमावली आहे. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान टाकणं. तीनतालाच्या सोळा मात्रा माझ्या मणक्यात मुरल्या आहेत. गवय्या कितीही रानोमाळ भटको, तो समेवर येणार, माझी मान पडणार, शेजारचा 'वा' म्हणणार. या भरवशावर मी आजवर जगलो.

धरमपेठेतला छोटा हॉल. बाहेर 45 डिग्री, आत दोन मोठे कूलर. त्यातल्या एकाची पात जाळीला घासत होती. खर्र-टक, खर्र-टक. श्रोते तेवीस; त्यात अकरा नातेवाईक, आणि चारजण निव्वळ वाळ्याच्या गारव्याला आलेले.

भाच्यानं सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि पहिली तीन मिनिटं नुसती हवा सोडली. स्वर नाही, फुंकर. चहा गरम असल्यासारखी. मग नुसत्या कळा दाबल्या, टकटकटक. गिटारवाल्यानं गिटार टेबलावर आडवी निजवली (ही पद्धत कीथ रोव नावाच्या इंग्रजानं साठच्या दशकात रूढ केली म्हणे) आणि तारांवरून एक स्टीलची वाटी फिरवू लागला. वाटी ओळखीची होती. माझ्या बहिणीच्या रुखवतातली. ड्रमवाल्यानं झांजेच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढला, तेव्हा माझी दोन वर्षांपूर्वी काढलेली दाढ ठणकली.

"वरातीत हे वाद्य बरं वाटते, नाही?" शेजारचे काका कुजबुजले.

मी मात्रा मोजत होतो. सोळा झाल्या, काही घडलं नाही. एकोणीस. एकेचाळीस. मान अर्धी खाली जायची आणि लिफ्टसारखी मध्येच अडकायची. एकदा वाटलं, आली! मी मान टाकली, आणि नेमका त्याच क्षणी चौघांनी एकदम कल्लोळ सुरू केला. काकांनी मला पाणी विचारलं.

पाऊण तास झाला. त्या सगळ्यात लयीत वाजत होता तो एकटा कूलर. खर्र-टक. पण बिघडलेल्या कूलरशेजारी नागपूरचा माणूस हात बांधून बसूच शकत नाही. मी वाकून त्याच्याजवळ गेलो आणि घरी घालतो तशी बगलेत एक सणसणीत थाप घातली.

धाडकन! पत्रा घुमला, पात सुटली, कूलर शांत. आणि भाचा, वाटीवाला, गजवाला, चौघेही जागच्या जागी थांबले. पूर्ण निःशब्द. माझी मान आपोआप पडली.

आयुष्यातली सर्वांत चोख सम, आणि ती मी दिली होती.

टाळ्या कडाडल्या. काका चक्क उभे राहिले. मी माफी मागायला गेलो, तर भाचा मला मिठी मारून हलवतच होता. "मामा, काय शेवट केला तुम्ही! जॉन केज नावाच्या अमेरिकन संगीतकारानं 1952 मध्ये स्टेजवर काहीच न वाजवणारा वादक बसवला, कशासाठी? हॉलमधला प्रत्येक आवाज संगीतच असते म्हणून!" पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे म्हणाला. मी काय घालून येऊ, एवढंच विचारायचं मी बाकी ठेवलं.

घरी आलो. चहा पुढे ठेवून सौभाग्यवतीनं खिडकीकडे बोट दाखवलं.

"हा गुढीपाडव्यापासून खडखड करून राहिला. याला काही सम दिली नाही तुम्ही."

चहाच्या बशीशेजारी तिनं पाना आणूनच ठेवला होता.