दोन अधिक दोन चाकं

सायकलमागे ट्रेलर जोडायचा विचार पुण्यात मोठ्याने बोलून दाखवू नये. बोललात की समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो आणि विचारतो, "त्यात काय वाहणार?" कार घेणाऱ्याला हे कोणी विचारत नाही. पाच जणांच्या गाडीत एकटा माणूस लॅपटॉपची बॅग घेऊन रोज हिंजवडीला जातो, त्याच्याकडे कोणी हिशोब मागत नाही. सायकलवाल्याने मात्र आधी मालाची यादी सादर करायची.

तसं विचारणाऱ्यांचंही अगदीच चूक नाही. आपल्याकडे सायकलला ट्रेलर लागतो कुठे? गॅसवाल्याकडे बघा. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस आणि वर तेवढंच लोखंड, म्हणजे एक नग तीस किलोंच्या घरात. असे नग दोन्ही बाजूंना आकड्यांवर अडकवून तो उभ्याने पेडल मारत चढ चढतो, आणि चढताना फोनवर बोलतो. दूधवाल्यांनी किटल्या वाहिल्या, पाववाल्यांनी पेट्या वाहिल्या, मुंबईत डबेवाले अजून वाहताहेत. आणि मी मंडईतून पाच किलो बटाटे आणताना शनिपाराशी डुगडुगतो. कॅरियरच्या स्प्रिंगखाली कोबी बसत नाही. हँडलला अडकवलेली पिशवी गुडघ्याला आपटते. पिशवी जरा आत सरकली की स्पोकमध्ये जाते आणि घरी कोथिंबीर चिरूनच पोचते.

म्हणून ट्रेलर. आणि म्हणून यादी.

यादी करायला बसलो ही चूक घरातल्या कोणीच होऊ दिली नसती, पण सगळ्यांनाच मजा वाटत होती. हिने पहिलं नाव घातलं दळणाचं: दहा किलो गहू, अधूनमधून ज्वारी. मग भाजी. मग पाण्याचा वीस लिटरचा जार, कारण जारवाला हल्ली वर येत नाही. आईने आतून आवाज दिला, "तांदळाचं पोतं लिहिलंस का? आणि गादी पिंजायला न्यायची आहे." मुलगा म्हणाला, "मला बसवशील?" मालाच्या ट्रेलरात मूल बसवायचं नसतं, त्यासाठी पट्टे आणि पिंजरा असलेला वेगळा ट्रेलर येतो, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मग तो घे." वरच्या मजल्यावरचे काका सहज म्हणून आले आणि रद्दी लिहून गेले. जाता जाता म्हणाले, "यंदा सोसायटीचा गणपती आपण ट्रेलरमधूनच आणू. पर्यावरणपूरक." बेरीज मारली तर खाली टेम्पोचा आकडा आला.

मग रात्र-रात्र अभ्यास. या विषयात मुख्य पंथ दोन, एकचाकी आणि दोनचाकी. एकचाकीत कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या बॉब कंपनीच्या याक या ट्रेलरचं नाव मोठं. मागच्या चाकाच्या एक्सलला दोन्ही बाजूंनी धरतो, सायकल झुकली की तोही झुकतो, जिथून सायकल जाते तिथून हाही जातो. मर्यादा ३२ किलो. व्हिडिओत तो डोंगरातल्या पायवाटेवरून इतका सुरेख पळतो की मी ऑर्डर देण्याच्या बेतात होतो. पण त्याची गंमत सायकल चालू असेपर्यंतच. थांबवून सामान भरायला घ्या, मागचं धूड वळून बसतं, सायकलला खाली घेतं, आणि तुम्ही भररस्त्यात टोमॅटो गोळा करत बसता. शिवाय ओझ्याचा तोल अखेर सायकललाच सांभाळायचा. मला माझाच सांभाळताना मारामार.

दोनचाकी आपल्या पायावर उभा राहतो. ओरेगनच्या बर्ली कंपनीचा सपाट ट्रेलर ४५ किलो घेतो. सर्ली कंपनीचे बिल आणि टेड नावाचे ट्रेलर तर १३६ किलो. आयोवातल्या एम्स गावच्या एका कंपनीने आठ फुटांपर्यंतचे ट्रेलर बनवले, लोक त्यावर सोफा आणि फ्रिज टाकून घर हलवतात. मी ते फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. फ्रिज दिसतो, हसरा माणूस दिसतो, रस्ता सरळ आणि रिकामा दिसतो. आमच्या गल्लीत आठ फुटांचा ट्रेलर वळवायचा तर अर्धा ट्रेलर शेजारच्या सोसायटीतून वळवावा लागेल, आणि त्यांच्याशी आमचं पाण्यावरून आधीच बिनसलेलं आहे.

बर्लीचाच ट्रॅव्हॉय म्हणून एक येतो. सीटखालच्या दांड्याला अडकवायचा, दुकानापाशी काढून ट्रॉलीसारखा हाताने आत न्यायचा, घरी घडी घालून दाराआड ठेवायचा. मर्यादा २७ किलो. ही म्हणाली, "हा घे." खरं तर आमच्या घराला तोच पुरेसा होता. पण यादीत गणपती होता.

किंमत डॉलरमध्ये होती तोवर ठीक होतं. रुपयांत केली, वर जहाजभाडं टाकलं, कस्टम ड्युटी टाकली, आणि माझी सायकल किती रुपयांची आहे ते आठवलं. घोड्यापेक्षा खोगीर महाग असं नुसतं ऐकून होतो. तेव्हा ट्रेलर इथेच बनवून घ्यायचा ठरला, आणि मापं घेणं आलं.

ट्रेलरच्या रुंदीवर लोक तासन्‌तास बोलतात, पण नियम सोपा आहे: जिथून हँडल गेलं तिथून ट्रेलर गेला पाहिजे, नाहीतर तुम्ही पुढे निघून जाता आणि माल मागे अडकतो. अडकण्याची जागा म्हणजे सायकल ट्रॅकच्या तोंडाशी ठोकलेले खांब. मी सकाळी टेप घेऊन खांबांमधलं अंतर मोजायला गेलो. दुसऱ्या खांबापाशी वाकलो होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "महापालिकेचे का?" मी नाही म्हणेपर्यंत फिरायला निघालेल्या आजोबांनी तुंबलेल्या चेंबरची कैफियत सुरू केली होती. मग आणखी दोघं थांबले. एका बाईंनी झाडाची फांदी दाखवली. मी टेपवाला आहे, अधिकारी नाही, हे पटवण्यापेक्षा वहीत लिहून घेणं सोपं गेलं. घरी येऊन पाहिलं तर वहीत तीन चेंबर, एक फांदी, एक बंद दिवा आणि अंतरं कमी. जी होती ती प्रत्येक ठिकाणी वेगळी. सगळ्यात अरुंद फटीतून फक्त मोटारसायकल जात होती, जी जाऊ नये म्हणून ते खांब ठोकलेत.

बाहेरून बाहेर सत्तर सेंटिमीटर, असं मी माझ्या अधिकारात ठरवून टाकलं.

त्याच सुमारास फलटणहून मामा आला. मी त्याला कागद दाखवले. वजन कुठे ठेवायचं यावर ट्रेलरवाले फार गंभीर असतात: एकूण भाराचा साधारण दहावा हिस्सा पुढे सायकलशी असलेल्या जोडावर यायला हवा. भार चाकांच्या मागे गेला तर जोड वर उचलला जातो, सायकलचं मागचं चाक हलकं पडतं आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. मामाने कागद लांब धरून वाचला, परत दिला.

"म्हणजे गाडी उलाळ करू नका म्हणतोय."

"हो."

"आन् धुरजड बी नको, न्हायतर बैलाच्या मानंला लागतं. जड माल तळाला, आखाच्या जरा पुढं. ह्ये सांगायला अमेरिका लागती व्हय?" मग जरा थांबून, "बैल कुठाय?"

"मीच की."

मामाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बैलबाजारात पाहतात तसं, फक्त दात मोजले नाहीत. "मग तीस किलोच्या वर नको," तो म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

इतक्या रात्रींच्या अभ्यासात एकाही कंपनीने हा आकडा काढला नव्हता. सगळे ट्रेलरची ताकद सांगतात. ओढणाऱ्याची वजनमर्यादा कुठल्याच पत्रकावर छापलेली नसते. माझा हिशोब कागदावर बरा दिसत होता: पाच टक्क्यांच्या चढावर चाळीस किलोंचा ट्रेलर मागे ओढतो फक्त दोन किलोंच्या जोराने. दोन किलो म्हणजे काय, साखर! पण ती साखर चांदणी चौकाकडच्या चढावर अखंड मागे खेचत राहते आणि आपण शिल्लक असेपर्यंत संपत नाही. उतारावर वेगळाच खेळ. साध्या ट्रेलरला ब्रेक नसतो, तो मागून ढकलतो. जर्मनीत बिनब्रेकच्या ट्रेलरला चाळीस किलो आणि ब्रेकवाल्याला ऐंशी अशी मर्यादा सांगतात. माझ्या सायकलचे ब्रेक मला एकट्यालाच थांबवतात, तेही मी आधीपासून थांबायचं मनावर घेतलं असेल तर. तेव्हा तीस. गणपती वगळला. काका दोन दिवस बोलले नाहीत.

वेल्डिंगवाल्या मिस्त्रीला तीस किलो हा आकडा अपमानास्पद वाटला. मी म्हटलं एक इंची चौकोनी पाइप, सोळा गेज. त्याने कोपऱ्यातून दोन इंची अँगल ओढून काढला. "साहेब, एवढा बारीक पाइप टाकला तर माझं नाव जाईल." त्या अँगलने ट्रेलर रिकामाच तीस किलो झाला असता. बराच वेळ घासाघीस करून पाइपवर आलो. चाकं सोपी गेली, लहान मुलांच्या सायकलींची वीस इंची. टायर-ट्यूब कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळतात आणि खड्ड्यात सोळा इंचीपेक्षा ही कमी आदळतात. फक्त त्या चाकाचा एक्सल दोन्हीकडून धरण्यासाठी बनलेला असतो, एकाच बाजूला टांगला की वाकतो. त्यामुळे चाकाच्या बाहेरूनही एक पट्टी हवी. मिस्त्रीचं मत, "काही होत नाही." हे वाक्य ऐकलं की पट्टी दुप्पट जाड घ्यावी.

खरी कुस्ती झाली जोडावर. ट्रेलरचा सगळा जीव जोडात असतो, आणि घेताना लोक पाहतात रंग. जोड वळताना आडवा फिरायला हवा, स्पीडब्रेकरवर वर-खाली व्हायला हवा, आणि सायकल कलंडली तरी ट्रेलर सरळ राहावा म्हणून पिळलाही जायला हवा. मिस्त्रीने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन पुढे केली. ती एकाच दिशेला फिरते. मी हाताने तिन्ही दिशा करून दाखवल्या. शेजारचा चहावाला पाहतच राहिला. शेवटी जाड रबरी होजचा तुकडा दोन बोल्टांत बसवला आणि तो कधी फाटलाच तर ट्रेलर स्वतंत्र मार्गाने जाऊ नये म्हणून वरून नायलॉनचा पट्टा. जागा डाव्या बाजूची, मागच्या एक्सलच्या नटाखाली. उजवीकडे चेन असते.

ट्रेलर तयार झाला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा निरोप आला. ठेवणार कुठे? मी म्हटलं, सायकलच्या जागी, सायकलसकट. त्यांनी बोटांवर मोजलं. सायकलची दोन, ट्रेलरची दोन. "म्हणजे चारचाकी. चारचाकीचं पार्किंग तुमच्या नावावर नाही." मी म्हटलं, मग सुटा करून ठेवतो. त्यावर त्यांनी गेटवरची पाटी वाचायला सांगितली: फेरीवाले व हातगाड्यांना आत येण्यास सक्त मनाई. सुटा केला की ती हातगाडी. जोडलेला असेल तर चारचाकी, सोडलेला असेल तर हातगाडी, आणि अर्धवट सोडलेला ठेवायची सोय जोडात नाही.

विषय सभेपुढे ठेवला आहे. तोवर ट्रेलर मिस्त्रीकडेच उभा आहे असं मी समजत होतो. परवा त्याचाच फोन आला. होजचा जोड एकदम मस्त चालतो, काही काळजी करू नका, म्हणाला. तो रोज बोहरी आळीतून त्यातच अँगल आणतोय. स्कूटरला लावून.